विश्रामबागचा यमकांचा क्लास: पोरांना पाठवा, किट नका घेऊ

सांगलीत विश्रामबागला छोट्यांना यमकं जुळवायला शिकवणारा एक क्लास आहे, तीन ते पाच वर्षांची पोरं. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. मला वाटलेलं बडबडगीतं पाठ करून घेणार आणि ग्रुपवर व्हिडिओ टाकणार, पण तसलं काही नाही, वही-पेन्सिल आणायचीच नाही असा नियम आहे.

आधी नुसतं ऐकायचं, मग ओळखायचं, स्वतः जुळवायचं सगळ्यात शेवटी. टोपलीत घरातल्याच वस्तू असतात, पाटी वाटी, बशी उशी, मणी फणी, एक उचलायची आणि तिची जोडी हुडकायची. दुसरा उड्यांचा खेळ, ताई दोन शब्द म्हणणार, जुळले तर खडूच्या गोलात उडी, नाही तर फतकल मारून खाली. आमची कन्या जुळो न जुळो दरवेळी उडीच मारायची, मग ताईंनी नियम उलटा केला, जुळलं तर बसायचं, तेव्हा कुठं बाईसाहेब कान देऊन ऐकायला लागल्या.

ताट म्हटलं की पोरं पटकन वाटी म्हणतात, कारण जेवताना दोन्ही शेजारीच असतात ना, म्हणजे ती जोडी अर्थाची, आवाजाची नाही. ताई चूक म्हणत नाहीत, ताऽऽट, पाऽऽट असं ताणून दोनतीनदा म्हणतात आणि पोरालाच कळतं. लाडूला कोणी टाडू म्हटलं तरी चालतं, शब्द खोटा असू दे, शेवट कानाला कळला ना, झालं. आपण पालक मात्र लगेच "असा शब्द नसतो गं" करतो, एका आजोबांनी तर तिथंच वर्गात केलं! एकदा खाऊला भडंग होतं, तर भडंग पतंग पलंग करत करत कुणीतरी मडंग काढलं आणि मग काय, घरी येईपर्यंत गाडीवर मागं तेच चालू.

पुढं वाचायला लागताना शब्दातले आवाज सुटे सुटे ऐकू यावे लागतात, त्याची ही तयारी. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून शिकवा म्हटलंय, तरी आमच्याकडं केजीच्या पोरांना होमवर्क असतोच. शेवटी शेवटी कॅट-हॅट वगैरे इंग्लिश पण घेतात, ते ठीकठाक.

आता तक्रारी. वर पत्रा, पंखा खडखडतो, त्यात शेजारी डान्स क्लास. सगळा खेळ शब्दाच्या शेवटावर आणि मागं बसलेल्या पोरांना नेमका शेवटच ऐकू येत नाही. संध्याकाळच्या बॅचला गर्दी पण फार, सकाळची मागा, तेव्हा डान्सवाले नसतात. आणि ते चित्रांच्या कार्डांचं किट, त्याचे पैसे वेगळे. लॅमिनेशन छान आहे पण बशीचं चित्र बघून आमची म्हणते प्लेट, मोजे बघून सॉक्स, मग जुळणार कसं? ताईंना सांगितलं तर म्हणाल्या तुम्ही आधी नाव सांगून घ्या, अहो मग चित्र कशाला. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर जमिनीवर उपडा करा, फुकटात काम होतं, फक्त सुरी-किसणी आधी बाजूला काढा.

फी रास्त आहे, पार्किंग नाही.