लोकेशन साउंड की पोस्ट साउंड? ठाण्यात राहणाऱ्याने काय धरावं

साउंडमध्येच जायचं हे ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी लिहितोय, कॅमेरा भारी की साउंड हा वाद इथे नको. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेला रसूल पुकुट्टी 2009 ला साउंडचा ऑस्कर घेऊन आला, तेव्हापासून घरच्यांना आपण काय करतो ते निदान सांगता तरी येतं. लोकेशन म्हणजे सेटवर शूटच्या वेळी आवाज रेकॉर्ड करणं, पोस्ट म्हणजे शूट झाल्यावर स्टुडिओत तो साफ करून, जोडून, मिक्स करणं. मी दोन्हीकडे काम केलंय, सध्या पोस्टला आहे.

ठाणेकराला सेट सोयीचा वाटतो आणि ते खरंही आहे. घोडबंदर रोड, मीरा रोड, नायगाव, सगळीकडे सिरियलची शूटिंग चालू असतात. पोस्टचे स्टुडिओ मात्र बहुतेक अंधेरी-ओशिवऱ्याला, म्हणजे रोज लोकलने घाटकोपर आणि तिथून वर्सोव्याची मेट्रो, घाटकोपरची संध्याकाळची गर्दी ज्याने बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. सेटवर ओळखी होतात, जेवण प्रॉडक्शनचं. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माईक, धरून खांदे भरून येतात पण सवय होते. कपड्यात लपवलेला छोटा लेपल माईक कडक कापडाला घासून खरखर येते, मग कॉस्च्युमवाल्यांची मनधरणी करत टेप लावत बसायचं, तेही जमतं.

मला जमलं नाही ते वेगळंच. लोकेशन फायनल करताना साउंडवाल्याला कुणी विचारतच नाही! येऊरच्या जंगलाच्या बाजूला एका बंगल्यात शूट होतं, फ्रेम एकदम झकास, पण पावसाळ्याचे दिवस, आणि रातकिडे असे सुटलेले की हेडफोनमध्ये प्रत्येक डायलॉगमागे करवत चालल्यासारखी वाटत होती. वन मोर, म्हणजे अजून एक टेक मागितला, मिळाला. परत मागितला तर नेहमीचं उत्तर, 'अरे डबिंगमध्ये बघून घेऊ.' लाईट जातोय, आर्टिस्टची शिफ्ट संपतेय, त्यांचंही चुकत नाही म्हणा. पण दिवसभर जीव काढून जे रेकॉर्ड केलं ते फेकलं जाणार हे तिथे उभं असतानाच कळलेलं असतं. शेवटी रूम टोनसाठी, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो रेकॉर्ड करायला, सगळ्यांना 30 सेकंद गप्प राहा म्हणावं तर लाईटवाले स्टँड उतरवायला लागलेले.

पोस्टमध्ये ते 'बघून घेणारे' आपणच. एका टेकमधला स्वच्छ शब्द उचलून दुसऱ्या टेकच्या ओठांवर बसवला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, की दिवस सार्थकी लागतो. फोलीला, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत परत करून रेकॉर्ड करताना, बांगड्या, चपला, साडीची सळसळ, हे मजेचं काम. त्रास इथेही आहे, पिक्चर लॉक झालं, म्हणजे एडिट आता बदलणार नाही म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात नवीन कट येतो, मग सगळे ट्रॅक परत सरकवा. मिक्सच्या वेळी रात्री जातात. पण निदान खराब आवाजाचं काहीतरी करणं आपल्या हातात असतं.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, ज्याला एका जागी एसीत बसवत नाही त्याने सेटच धरावा. मला विचाराल तर आधी काही महिने सेटवर काढा, रूम टोन का मागतात ते तिथेच कळतं, आणि मग पोस्टला या.