बयाणा देण्याआधी वकील गाठा, माझे 5,01,000 गेले

रजिस्ट्रीच्या दिवशी वकील उभा करून काही उपयोग नसतो. तोवर पैसा समोरच्याच्या खिशात गेलेला असतो.

नागपुरात मानेवाडा रोडकडचं जुनं दुमजली घर, सौदा 62,00,000 चा. विकणारे दोन सख्खे भाऊ, आईवडील वारलेले. टोकनचे 51,000 ऑनलाइन दिले, बयाणापत्राच्या वेळी 4,50,000 चेकनं. वकिलाचा विषय मी काढला होता बरं का! दलाल म्हणाला, "भाऊ, आत्ताच कायले वकील? दुसरी पार्टी उद्या येऊन राह्यली. रजिस्ट्रीच्या टायमाले लावा ना." सर्च (म्हणजे जुन्या नोंदी काढून मालकी तपासणं) आणि मसुदा तपासायचे वकिलानं 15,000 सांगितले होते. घरभाडं आणि पोरीची फी भरणाऱ्या माणसाला ते वाचवावेसे वाटले, यात गुन्हा काय?

पण ती कर पावती! तिच्यावर अजून वडिलांचंच नाव होतं. (कर पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही आधीच ऐकून घ्या.) मी विचारलं, वारस किती? धाकटा भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात दलालच बोलला, "एक बहीण आहे पुण्याले, तिची काही हरकत नाही, सहीले येईल." घर यांचं, बहीण यांची, आणि उत्तर दलाल देतो. धाकटा खाली बघत बसला. तिथंच उठायचं ना! पण समोर चहा आला, थोरला भाऊ गोड बोलायला लागला. नोटरीच्या बयाणापत्रात बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. 90 दिवसांत उरलेली रक्कम न दिल्यास बयाणा जप्त, ही अट मात्र ठळक.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. बँकेच्या वकिलानं माझ्या गृहकर्जाची फाइल अडवली. मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा मुलाइतकाच वाटा. तिचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आणा. प्रोसेसिंगचे 11,800 गेले ते वेगळेच. आणि बँकेचा वकील बघतो ते बँकेसाठी, तोही येतो बयाणा देऊन झाल्यावर. बहिणीला फोन लावला, तर घर विकायला काढल्याचंच तिला ठाऊक नव्हतं. मुदत टळली, भावांनी हात वर केले.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी अर्जाचं पहिलं पान पुरतं वाचलं नाही: "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." बहीण तयार आहे असं खोटं सांगून पैसे घेतले, यात सिव्हिल काय? अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. दुय्यम निबंधकाकडे म्हणे, बयाणापत्र आमच्याकडे नोंदलेलंच नाही, आणि नोंदलं असतं तरी मालकी तपासणं आमचं काम नाही. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीचं सरकारी प्राधिकरण? ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी, जुन्या घराच्या फेरविक्रीला नाही. स्टॅम्प ड्युटी घ्यायला सगळे हजर, आणि फसलेल्या माणसाला नुसतं एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पिटाळायचं!

तीस वर्षांचा सर्च टोकनआधी. दलालानं सुचवलेला वकील नकोच. कर्ज नामंजूर झालं किंवा कागद अपुरे निघाले तर बयाणा परत, ही ओळ नसेल तर सही करू नका. सगळ्या वारसांशी स्वतः बोला, दलालाच्या फोनवरून नाही.

आता वकील लावलाय, दाव्याचे 40,000 घेणार. घर अजून त्याच दलालाकडे विकायला आहे. फोटो तेच, भाव 64,00,000, खाली ठळक अक्षरांत 'क्लिअर टायटल'.