1821 चे दोन ग्रीक उठाव: मोल्दाव्हिया आणि पेलोपोनीज
दोन्ही उठाव ऑटोमन (तुर्की) साम्राज्याविरुद्ध. उत्तरेत अलेक्झांड्रोस इप्सिलांतिस: रशियन सैन्यातला अधिकारी, ‘फिलिकी एतेरिया’ या गुप्त संघटनेचा प्रमुख. मार्च 1821 मध्ये तो प्रूत नदी ओलांडून मोल्दाव्हियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागातल्या ऑटोमन मांडलिक संस्थानात, शिरला. भिस्त झारच्या मदतीवर होती. झारनं हात झटकले. जूनमध्ये द्रागाशानीच्या लढाईत तरुण विद्यार्थ्यांची ‘पवित्र तुकडी’ कापली गेली. सगळं संपलं.

दक्षिणेत, ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, ग्रीक सेनानी कोलोकोत्रोनिसकडे डोंगर होते आणि आपली माणसं. 1822 मध्ये देर्वेनाकियाच्या खिंडीत त्यानं ऑटोमन सेनापती द्रामालीच्या मोठ्या फौजेची दाणादाण उडवली. मराठी वाचकाला हा गनिमी कावा ओळखीचा वाटेल. मात्र पेलोपोनीजमधलं त्रिपोलित्सा शहर ग्रीकांच्या हाती पडल्यावर मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची झालेली भीषण कत्तल विसरून या बाजूचं कौतुक करता येत नाही.

तरीही माझ्या मते निर्णायक ठरला तो दक्षिणेचाच उठाव. 1827 मध्ये ब्रिटन, फ्रान्स, रशियाची आरमारं ऑटोमन आरमाराविरुद्ध पेलोपोनीजच्या नवारिनो उपसागरात आली, तेव्हा वाचवण्याजोगा लढा तिथेच उरला होता.