बाबांचा अंगठा चारदा लागला

फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. २८ तारखेला यवतमाळात पंतप्रधानांची सभा होती. तिथूनच पीएम किसानचा सोळावा हप्ता सुटणार होता, सोबत राज्याच्या नमो शेतकरीचे दोन. म्हणजे एकदम ६,००० रुपये. गावात दुसरा विषयच नव्हता. आमच्या बाबांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली होती, आणि नेमका तेव्हाच एक पोरगा मोटरसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, बॅगेत अंगठ्याचं मशीन. "केवायसी नाही त हप्ता नाही. पन्नास रुपये."

मी वावरात होतो. बाबांनी नंतर सांगितलं ते असं. त्यानं आधार नंबर घेतला, मग विचारलं, "बाबाजी, खातं कोणत्या बँकेत हाय?" सगळी मेख इथंच आहे. केवायसीला आधार नंबर आणि अंगठा लागतो, बँकेचं नाव लागत नाही. ते लागतं आधारवरून पैसे काढायला. आधार नंबर, बँकेचं नाव, अंगठा, झालं. ना पिन, ना ओटीपी.

बाबांनी अंगठा लावला. "घासला हाय तुमचा अंगठा, पुन्हा लावा." बाबांनी धोतराला पुसून लावला. "नेट गेलं." पुन्हा. मग त्यानं खोबरेल तेलाचं बोट फिरवायला लावलं आणि चौथ्यांदा घेतला. जन्मभर कापूस वेचलेली बोटं, रेशन दुकानातही दोन-तीनदा दाबावीच लागतात. शंका येणार कशी? पावती मागितली तर "मोबाइलवर येते".

२८ ला शेजाऱ्यांचे मोबाइल वाजले, आमचा नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून आणलं. कापसाच्या चुकाऱ्यातून १०,०००, पुन्हा १०,०००, मग ८,५००, एकाच तारखेला. आधारवरून एका वेळी १०,००० च निघतात, म्हणून तीन फेऱ्या. पहिला अंगठा बहुतेक शिल्लक पाहायला घेतला असावा. केवायसी तर झालीच नव्हती! बँकेचे मेसेज गेले होते धाकट्या भावाच्या बंद पडलेल्या सिमवर. ती चूक आमचीच.

अकरा दिवस उलटले होते. फसवणुकीत आपली चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. सात दिवसांच्या पुढे मात्र बँकेच्या धोरणावर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यात अर्ज दिला, बँकेत तिसऱ्यांदा जाऊन आलो. पैसे अजून नाहीत.

आता बाबांचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारचा अंगठा, एमआधार अॅपवरून लॉक करून ठेवलंय. त्याचा एक ताप आहे, रेशनला जाताना आधी उघडावं लागतं. पहिल्या महिन्यात विसरलो आणि दुकानदारासमोर बाबा पुन्हा अंगठा पुसत बसले.

तो पोरगा आला त्या दिवशी पारावर बाबांच्या मागं सहा कास्तकार रांगेत होते. चौघं पासबुक भरून आले, त्यातल्या दोघांचे पैसे गेलेत. उरलेले दोघं बँकेत जायला तयारच नाहीत. "गेले असतीन त घरी काय सांगू?" म्हणतात.