गुऱ्हाळावरचा तापमापक आणि 98 अंशांची तक्रार

साताऱ्यातील एका दुकानातून चारशे रुपयांना आणलेला, पोलादी सळईचा डिजिटल तापमापक यंदा संपूर्ण हंगामभर आमच्या गुऱ्हाळावर वापरला. पहिल्याच दिवशी खळखळ उकळत्या पाण्यात त्याने 100 ऐवजी 98 अंश सेल्सिअस दाखवले, तेव्हा तो परत करायचेच ठरले होते. परंतु दोष त्याचा नव्हता. पाण्याच्या रेणूंचा वाफ होऊन निसटण्याचा जोर वरील हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच असलेल्या साताऱ्यात हा दाब कमी असल्याने ती 98 अंशांच्या आसपासच फुटते. महाबळेश्वरी हाच तापमापक 95-96 दाखवील.

काहिलीत, म्हणजे उसाचा रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, त्याचा खरा उपयोग कळला. रस आटू लागला की पाण्याचे रेणू घटतात, साखरेचे दाटतात आणि उरलेल्या पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे उत्कलनबिंदू चढत जातो. म्हणजे आकडा उष्णतेचा दिसत असला, तरी तो सांगतो रसात उरलेले पाणी. एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे 4.2 किलोज्यूल पुरतात, तर उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,257 लागतात. म्हणूनच चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) कितीही चिपाड (उसाचा वाळका चोथा) घातले तरी आकडा बराच वेळ एकाच ठिकाणी रेंगाळतो. शेवटी पाणी थोडेच उरल्याने तो भराभर चढतो आणि तेव्हा नजर हलवून चालत नाही.

गुळासाठी पुस्तकी तापमान 118 अंश असेल, तर आमच्याकडे दोन अंश वजा करावे लागतात. आमचे गुळवे (गूळ करणारे कारागीर) पाकाची पाण्यात गोळी करून पाहतात. त्यांनी काहील उतरवा म्हणताना आकडा बहुतेक वेळा 116 च्या जवळ असे. (त्यांना या यंत्राचे कौतुक अजूनही नाही.)

उणिवा मात्र आहेत. सळई जेमतेम वीतभर असल्याने हात वाफेत जातो, म्हणून आम्ही तापमापक बांबूला बांधला. आकडा स्थिरावण्यास दहाएक सेकंद लागतात, जे शेवटच्या टप्प्यात फार आहेत. पडद्याच्या काचेआत वाफ शिरून दोनदा अंक पुसट झाले. सळई काहिलीच्या बुडाला टेकवल्यास आकडा रसाचा न राहता तापल्या पत्र्याचा येतो. घरच्या पाकासाठी हा उत्तम आहे. गुऱ्हाळासाठी घेणाऱ्याने हातभर सळईचाच मागावा.