कॅमेरा की टॅबलेट? उद्यमबागेतल्या एका शेडचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेत कारखान्याची शेड असेल, तर हे दोघेही विक्रेते तुमच्याकडं येऊन गेले असतील. एक म्हणतो कॅमेरे बसवा, कोण जागेवर किती वेळ होता ते सॉफ्टवेअर सांगेल. दुसरा टॅबलेट देतो. माल का बाद झाला, ते कामगारानं स्वतः नोंदवायचं. माझ्या लहानशा फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी दोन्ही वापरलं. किंमत, इंटरनेट हे तुम्हीच बघाल.

कॅमेऱ्यानं हजेरीचे वाद मिटवले, हे मान्य. भट्टीजवळचा कॅमेरा सुरक्षेसाठी मी आजही ठेवलाय.

नडलं ते वेगळंच. माणूस जागेवरून हलला की नावापुढं लाल खूण. बाद कास्टिंग (ओतलेला नग) सुपरवायझरला दाखवायला जायचं तर जागा सोडावी लागते, म्हणून पोरांनी जाणंच सोडलं. बाद माल गुपचूप भंगारात, तिथून परत भट्टीत. नोंद कुठंच नाही. इकडं ब्लोहोलचा, म्हणजे वायूनं पोकळी पडलेला, माल गिऱ्हाइकाकडून परत येतोय आणि आम्ही दोन महिने साच्याची वाळू बांधणारी बेंटोनाइट माती बदलत बसलोय. कारण ज्यांना ठाऊक होतं, ते गप्प होते.

शेवटी लाल खुणा बंद करून टॅबलेट ठेवला. नाव घालायची सक्ती नाही, बोलून नोंद केली तरी चालते. पहिले पंधरा दिवस कुणी हात लावला नाही. मग बैलहोंगलकडच्या एका मोल्डरनं (वाळूचे साचे करणाऱ्यानं) कन्नडमध्ये बोलून ठेवलं, "उसुकु भाळ बिसि ऐति." वाळू फार गरम आहे. खरंच होतं. दुपारनंतर फिरून येणाऱ्या वाळूला गार व्हायला उसंतच नव्हती. गरम वाळूची वाफ गार पॅटर्नवर (ज्यावर साचा उठवतात त्या नमुन्यावर) धरते, वाळू चिकटते, ओलाव्याचा मेळ राहत नाही, आणि ब्लोहोल येतात. त्याच पोरांनी वाळूचे दोन ढीग करून आळीपाळीनं वापरायची पद्धत बसवली. टक्केवारी मी काढलेली नाही, पण ब्लोहोलसाठी गिऱ्हाइकाचे फोन जवळपास थांबलेत. टोयोटानं कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा का दिली, ते मला तेव्हा उमगलं.

टॅबलेटची काच धुळीनं सारखी पुसावी लागते, आणि हजेरीला त्याचा उपयोग नाही. शंभरावर माणसं आणि मोठी रात्रपाळी असेल तर तुमचा हिशेब कदाचित वेगळा निघेल. पण काहीही घ्या, संमतीचा फॉर्म आधी मागून बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत. मला कॅमेऱ्यासोबत मिळालेला फॉर्म नुसता इंग्रजीत होता. आणि कॅमेराच घेणार असाल, तर नावापुढची ती लाल खूण बंद करता येते का, एवढं पैसे देण्याआधी विचारून घ्या.