मुतखडा फोडणारे हवेच्या दाबावरचे यंत्र: दहा महिन्यांच्या वापरानंतर

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे तीस खाटांचे रुग्णालय आहे. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही न्यूमॅटिक लिथोट्रिप्टर घेतला. लेझर परवडत नव्हता हे त्यामागचे खरे कारण. पण आज पुन्हा निवड करायची झाली, तरी आमच्यासारख्या ठिकाणासाठी मी हेच यंत्र घेईन.

कॉम्प्रेसरच्या हवेने हँडपीसमधला धातूचा छोटा तुकडा पुढे फेकला जातो, तो प्रोबवर, म्हणजे खड्यापर्यंत पोचणाऱ्या ताठ सळईवर, आदळतो आणि प्रोबचे टोक खड्यावर ठोके देते. उष्णता निर्माण होत नसल्याने मूत्रनलिका भाजण्याची भीती नाही. प्रोब ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा पुन्हा वापरता येतो, तर लेझरचा फायबर झिजतो, तुटतो आणि तो खर्च शेवटी रुग्णावरच पडतो.

मोठा दोष एकच, खडा वर पळतो. दुसऱ्याच महिन्यात मूत्रनलिकेच्या वरच्या भागातला एक खडा दोन ठोक्यांत थेट मूत्रपिंडात गेला. मूत्रमार्गातून आत घालायची आमची दुर्बीण तिथे वळत नाही, आणि हा ताठ प्रोब वळणाऱ्या दुर्बिणीतूनही चालत नाही. डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्रनलिकेत तात्पुरती ठेवायची बारीक नळी) घालून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. तेव्हापासून आम्ही टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करतो, सलाईनची बाटली खाली घेतो, आणि खडा नलिकेच्या भिंतीशी हलका टेकवून कडेपासून एकेक सुटा ठोका देतो. वरच्या भागातले खडे आता घेतच नाही. खालच्या भागातल्या आणि मूत्राशयातल्या खड्यांसाठी मात्र यंत्र पूर्ण भरवशाचे ठरले. ताप व थंडी असलेल्या, लघवी अडलेल्या रुग्णाचा खडा आम्ही त्या वेळी फोडत नाही. आधी डीजे आणि प्रतिजैविके.

पावसाळा लागताच ठोके मंद झाले, कारण कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचले होते. आता ओटी (शस्त्रक्रियेची खोली) उघडली की सिस्टर प्रथम टाकीखालचा नळ सोडतात.

सर्वांत जास्त काळजी डीजेची वाटते. तो साधारण दोन ते चार आठवड्यांत काढायचा असतो, पण आमचे बरेच रुग्ण ऊसतोडीला जातात. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झालेली एक ताई टोळीबरोबर गेली ती गुढीपाडव्यालाच परतली. डीजेच्या मूत्राशयातल्या टोकावर हरभऱ्याएवढा खडा धरला होता. तो याच यंत्राने फोडला आणि वरचे टोक स्वच्छ असल्याने डीजे सुखरूप निघाला. टोळीच्या मुकादमाचा नंबर आमच्याकडे असता, तर तिला कारखान्याजवळच्या दवाखान्यात पाठवता आले असते, ही चूक आमचीच होती.

त्यानंतर डीजेची वेगळी नोंदवही केली, ज्यात घातल्याची तारीख, काढण्याची तारीख, रुग्णाचा आणि मुकादमाचा नंबर लिहिला जातो. खडा सहज निघाला आणि नलिकेला इजा नसेल, तर डीजे न घालता एक दिवस साधा कॅथेटर ठेवतो. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी वहीतला एकही डीजे बाकी राहू नये म्हणून ऑगस्टपासूनच फोन सुरू केले आहेत.